पोत्यात काय आहे, ते आम्हालाही कळू द्या

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

सिन्नर तालुक्यात माझी ५,००० ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्यांची शेड आहे, कंपनीशी करारावरची. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे; शेड, वीज, पाणी आणि रात्रीचे जागरण आमचे. गेल्या पावसाळ्यात लॉट, म्हणजे एकदम भरलेली पिल्लांची तुकडी, बाविसाव्या दिवसाला आला आणि सकाळी शेडमध्ये पाय ठेवला तर अकरा पक्षी पडलेले. दुसऱ्या दिवशी चाळीसच्या वर. अंगावर खूण नाही, वजनही चांगले भरलेले. डॉक्टरांनी एक पक्षी फाडून दाखवला. लहान आतडे वायूने फुगलेले, बोट लावले तर फाटेल असे, आणि आतून टर्किश टॉवेलसारखे खरबरीत. ‘नेक्रोटिक एन्टरायटिस,’ ते म्हणाले, म्हणजे आतडे सडवणारा आजार. आम्ही आपले सगळ्यालाच हगवण म्हणतो.

पाण्यातून अँटिबायोटिक दिले, तीन दिवसांत मर थांबली. हे लपवण्यात अर्थ नाही. आजारी पक्ष्याला डॉक्टरांच्या सांगण्यावरून औषध द्यावेच लागते, आणि त्यानंतर विक्रीआधी ठरलेले दिवस थांबावेही लागते. माझी तक्रार वेगळी आहे. पक्षी धडधाकट असताना, पहिल्या दिवसापासून, खाद्यातून थोडे थोडे जे अँटिबायोटिक दिले जाते त्याबद्दल. माझ्या पोत्यात ते आहे की नाही, हेच मला माहीत नाही. पोत्यावर प्रथिने लिहिलेली असतात, स्निग्धांश लिहिलेला असतो. हे नसते.

युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणे १ जानेवारी २००६ पासून बंद केले. स्वीडनने त्याच्या वीस वर्षे आधी, १९८६ मध्ये. डेन्मार्कच्या ब्रॉयलरवाल्यांनी तर १९९८ मध्ये स्वतःहून सोडले. आपल्याकडे २००७ च्या भारतीय मानकाने पोल्ट्री खाद्यातून ती हटवण्याची शिफारस केली, पण मानक ऐच्छिक. जुलै २०१९ मध्ये केंद्राने कोलिस्टिन जनावरांसाठी बंद केले, ते बरे झाले; माणसावर दुसरे काही चालेनासे झाले की डॉक्टर ज्याकडे वळतात ते हे औषध, आणि आपण ते कोंबड्यांना चारत होतो.

मग त्याऐवजी काय, असा प्रश्न आला की बाजार लगेच पुडी पुढे करतो. ‘हर्बल’, ‘नैसर्गिक’, वर हिरवे पान. मी दोन घेतल्या, कंपनीला न विचारता, स्वतःच्या पैशाने. एकीला ओव्याचा घमघमाट होता. दुसरीला वासच नव्हता, नुसती पिवळी भुकटी. एका लॉटला एक दिली, पुढच्या लॉटला दुसरी. पहिला लॉट चांगला गेला. पण त्याच वेळी मी पाण्याच्या नळीचे गळणारे निपल बदलले होते आणि लिटर, म्हणजे पक्ष्यांखाली अंथरलेले भाताचे तूस, रोज खालीवर करत होतो. आता यश ओव्याचे की कोरड्या लिटरचे? मला सांगता येत नाही, आणि ज्याने पुडी विकली त्यालाही येत नाही, तो फक्त सांगतो.

कारण हा आजार एकट्या जंतूचा नाही. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा त्याचा जंतू निरोगी पक्ष्याच्या आतड्यातही असतो. ओल्या लिटरमध्ये कॉक्सी या आतड्यातल्या परजीवीची अंडी पिकतात, ती पोटात गेली की आतड्याचे अस्तर फाडतात, त्या जखमेतून प्रथिने पाझरतात आणि जंतूला पंगत मिळते. मग तो विष सोडतो. म्हणून पुडीपेक्षा आधी लिटर, पाणी आणि खाद्यातली मासळीची भुकटी बघावी लागते.

तरी पुडी थोतांड नाही. ओव्यातले थायमॉल जंतूच्या आवरणाला भोके पाडते. ब्युटिरिक आम्ल आतड्याच्या पेशींचे खाद्यच आहे. बॅसिलस जातीच्या प्रोबायोटिकचे, म्हणजे पोटाला उपकारक जंतूंचे, बीजाणू खाद्य गरम करून गोळ्या पाडतानाही तग धरतात. साध्या ओव्याचे तेल मात्र त्याच वाफेत बरेचसे उडून जाते, म्हणून चांगल्या मालात त्याला आवरण देतात. म्हणजे सगळा खेळ मात्रेचा आणि तयारीचा. घरात बाळाच्या पोटाला ओव्याचा शेक देतो तेवढ्यावर पाच हजार पक्षी सोपवता येत नाहीत. आणि ‘नैसर्गिक’ पुडीत कुणी गुपचूप अँटिबायोटिकच मिसळले तर? गुण येईल, मी खूश होईन, पुढच्या वेळी पुन्हा तीच घेईन.

आपल्याकडे नागपूरचे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, शिरवळ, उदगीर, परभणीला महाविद्यालये आहेत. त्यांना ही उत्पादने प्रयोगशाळेच्या स्वच्छ पिंजऱ्यात नव्हे, तर जुलैमध्ये, पत्र्याच्या शेडमध्ये, आमच्यासारख्यांच्या ओल्या लिटरवर तपासायला सांगा. एक शेड पुडीची, शेजारची बिनपुडीची, बाकी सगळे सारखे. निकाल मराठीत छापा, वाईट आला तरी. सांगलीची, वसमतची हळद आणि लसूण यांच्यावरही करा. आपल्याच शेतकऱ्याचा माल खपेल. पण चाचणीत नापास झाली तर हळदीचेही लाड नकोत.

आणि पोत्यावर अँटिबायोटिक आहे की नाही, असल्यास कोणते, किती, हे लिहिणे सक्तीचे होईल असे पाहा. करारावरचा शेतकरी खाद्य निवडत नाही; निदान त्याला वाचता तरी यावे.

दोन्ही पुड्यांमधले थोडे थोडे मी घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवले आहे, बॅच क्रमांकासकट. औंधच्या रोग अन्वेषण विभागात ते तपासून मिळेल का, आणि कुठल्या खिडकीवर द्यायचे, एवढे कळवले तरी पुढच्या सोमवारी पुण्याला येतो.

आपला,
सिन्नर तालुक्यातला एक ब्रॉयलरवाला