लाज आजीची नव्हती, आमची होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी अंबाजोगाईची निवृत्त शिक्षिका. 31 वर्षं विज्ञान शिकवलं आणि दहावीचा प्रजननाचा धडा दरवर्षी 'घरी वाचून घ्या' म्हणून सोडून दिला. मुली माना खाली घालायच्या, मागच्या बाकावर पोरं खुदखुदायची, अन् मी पान उलटायची.

'जुनी माणसं मर्यादेची, आताची पिढी निर्लज्ज' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. माझी आजी केज तालुक्यातली, शाळेचं तोंड न पाहिलेली. तिच्या काळी पोरीला न्हाण आलं की मखरात बसवायचे, ओटी भरायचे, गल्लीतल्या बाया गाणी म्हणायच्या. (पोर कोवळी अन् लग्न आधीच उरकलेलं, त्याचं कौतुक मला अजिबात नाही.) पण बोलायची चोरी नव्हती. खुरपताना बाया नवऱ्याचं, बाळंतपणाचं सगळं मोकळेपणी बोलायच्या. तोंडं शिवून घेतली ती आम्ही. चार बुकं शिकलो, नोकरीला लागलो, अन् पाळीला 'अडचण' म्हणायला लागलो. 2007 मध्ये राज्यानं शाळांमधलं लैंगिक शिक्षण थांबवलं, तेव्हा स्टाफरूममध्ये सुटकेचा श्वास सोडणाऱ्यांत मीही होते.

आमच्या भागात ही लाज अंगावर शेकते. ऊसतोडीला जाणाऱ्या बाया अंगावरून पांढरं जातंय हे कुणाला सांगत नाहीत. फडात ना आडोसा, ना पुरेसं पाणी. दुखणं विकोपाला गेलं की 'पिशवी काढून टाका' हा सल्ला तयार असतो. 2019 मध्ये बीड जिल्ह्यात सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यात 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. दोष नुसत्या लाजेचा नाही. खाडा पडला की पैसे कापले जातात, म्हणून बाई दवाखाना टाळते. पण दुखणं वेळेवर बोलायला तिला कुणी शिकवलं का? आणि वयात आलेल्या पोरीला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीनं ऊसतोड मजुरांची टोळी गाव सोडून निघण्याआधीच तिचं लग्न लावून देतात. त्या पोरीला स्वतःच्या शरीराबद्दल काय माहीत असतं?

परवा माझी आठवीतली नात बापाला सहज म्हणाली, "पप्पा, येताना पॅड आणा." त्यानं आणले, कागदात न गुंडाळता. मी स्वयंपाकघरात होते, डोळे भरून आले. पोरांचं मात्र अजून कुणी पाहत नाही. त्यांच्या हातात मोबाईल आहे, त्यावर नको ते दिसतं, आणि विचारायला घरात माणूस नाही.

माझी शाळांना विनंती आहे, तो धडा वर्गातच शिकवा, मुला-मुलींना एकत्र. दसऱ्याच्या आधी, टोळ्या गावात असताना पालकसभा घ्या. आयांबरोबर बापांनाही बोलवा. तालुक्यातल्या कुठल्याही शाळेनं बोलावलं तर तो धडा शिकवायला मी स्वखर्चानं येईन.

एक निवृत्त शिक्षिका,
अंबाजोगाई, जि. बीड