सुध्या, कॅमेलिया फुलला

नागपूर,
14 जानेवारी, संक्रांत

प्रिय सुध्या,

तिळगूळ घे, गोड बोल. हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय फोन करू नको. यात एक आनंदाची बातमी आहे आणि एक कबुली आहे, आणि फोनवर मला दोन्ही धड सांगता येणार नाहीत.

बातमी आधी. तू कालिम्पाँगहून आणलेला कॅमेलिया, ते थंड हवेचं फुलझाड, फुलला. रविवारी, सकाळी साडेसहाला, पारा नऊवर असताना. गेले तीन आठवडे कळी हिरव्या खवल्यांत मिटून बसली होती. त्या खवल्यांवर रेशमासारखी बारीक लव असते, बोटाला मांजराच्या कानासारखी लागते. मग टोकाशी गुलाबी रेघ दिसली. रोज भाताच्या शिताएवढी वाढायची. शनिवारी रात्री मी टॉर्च घेऊन तीनदा गच्चीवर गेलो, आणि सकाळी बघतो तर फूल उमललेलं! पाकळ्या कौलांसारख्या एकावर एक रचलेल्या, बाहेरून आत लहान लहान होत गेलेल्या, मधे पुंकेसर नाहीतच. मंजिरी म्हणाली, कुणीतरी बसून कात्रीने कापलंय. आईने वाकून वास घेतला आणि खट्टू झाली. "वासच नाही बाप्पा! देवाले कसं वाहू?" मग म्हणाली, राहू दे झाडावरच, देव येऊन पाहील.

आता कबुली. तू त्या डिसेंबरात दोन रोपं दिली होतीस. न्यू जलपाईगुडीपासून इथवर दोन गाड्या बदलत, खोक्याला भोकं पाडून, मांडीवर घेऊन आला होतास. तू जेव्हा जेव्हा विचारलंस तेव्हा "दोन्ही मस्त आहेत" असं मी सांगत आलो. खरं हे की एक पहिल्याच मे महिन्यात गेलं. मी मारलं. चार वर्षं हे मनात ठेवून तुझ्याशी बोलत होतो.

कसं गेलं तेही सांगतो. मी ते अंगणात, जमिनीत लावलं. आपली माती काळी, चुनखडीची. नंतर तपासून घेतली तेव्हा सामू (पीएच) 8.1 निघाला. कॅमेलियाला हवी साडेपाच ते साडेसहाची आंबट माती. फेब्रुवारीतच पानं पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. वरूडच्या बागेत बाबा संत्र्याचं असं पान हातात धरून म्हणायचे, लोह उचलत नाहीये. हे डोळ्यांनी लहानपणापासून पाहिलेलं, तरी मला ओळखता आलं नाही. उलट त्याला गारवा मिळावा म्हणून मी कूलरच्या टाकीतलं पाणी घालत राहिलो. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार खाली साचत जातात. बोअरचं जड पाणी, ते आणखी आटवून मी रोज त्याच्या मुळाशी ओतत होतो. पानांच्या कडा जळत आत आल्या. 45 अंशांच्या चौथ्या दिवशी झाड उभ्याउभ्या वाळलं.

दुसरं वाचलं ते केवळ कुंडीत होतं म्हणून. त्यालाही मी घालवणारच होतो. दुसऱ्या वर्षी त्यावर कळ्या धरल्या, तेवीस. रोज मोजायचो. कॅमेलियाची पानाची कळी सडपातळ, टोकदार असते आणि फुलाची गोल, गुबगुबीत, त्यामुळे शंका नव्हती. आता फुलं भरपूर यावीत म्हणून मी काय केलं असेल? ताण दिला. संत्र्याच्या घरात वाढलेला माणूस दुसरं काय करणार! आंबिया बहारासाठी बाबा डिसेंबरात पाणी तोडायचे, पानं मलूल होईपर्यंत थांबायचे, मग पाणी दिलं की बाग पांढरी व्हायची. मी बारा दिवस पाणी तोडलं. लगेच काहीच झालं नाही. पुन्हा पाणी सुरू केल्यावर आठवड्याने एकेक कळी देठाशी सुटू लागली. सकाळी कुंडीभोवती हिरव्या गोळ्या पडलेल्या असायच्या. तेवीसच्या तेवीस गेल्या.

त्या दिवसांत मी न्यूझीलंडच्या एका बाईंना मेल केली. वय ऐंशीच्या पुढे, घरामागे कॅमेलियाची शंभरावर झाडं. आंतरराष्ट्रीय कॅमेलिया सोसायटीच्या वार्षिक जर्नलमधून धागा लागला होता. ही सोसायटी 1962 मध्ये निघाली आणि जपान, चीन, ऑस्ट्रेलिया, युरोप, अमेरिका, सगळीकडची माणसं तिच्यात आहेत. मला वाटलं होतं, नागपूर म्हटल्यावर बाई म्हणतील, नाद सोडा. त्यांनी तीन पानी उत्तर लिहिलं, आणि त्यातली पहिली दोन पानं त्यांच्या स्वतःच्या मेलेल्या झाडांची हकीगत होती! कुठलं झाड कोणत्या साली गेलं, खोल लावलं म्हणून गेलं की निचरा नव्हता म्हणून, खोदून पाहिलं तेव्हा मुळं कशी दिसली. मग तिसऱ्या पानावर माझ्या प्रश्नाचं उत्तर: कळी धरल्यापासून उमलेपर्यंत पाण्यात खंड पडला की झाड कळ्या टाकतं, आणि लगेच टाकत नाही, काही दिवसांनी टाकतं, म्हणून माणूस भलत्याच गोष्टीला दोष देतो.

पुढे आणखी काही जणांशी पत्रव्यवहार झाला. अमेरिकेत जॉर्जियातले एक निवृत्त गृहस्थ, स्पेनच्या गॅलिसियातलं एक जोडपं. सगळ्यांची तीच रीत. जिवंत झाडाचा फोटो शेवटी. आधी काय मेलं आणि का. मला या लोकांची हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. आणि तेवढ्यानेच मला माझं खोटं बोचायला लागलं. सात समुद्रापलीकडच्या, कधी न भेटलेल्या बाईला मी मेलेल्या रोपाची पानाच्या रंगापासून सगळी माहिती लिहिली, आणि ज्याने ते मांडीवर आणलं त्याला नाही.

आता कसं जगवलं ते लिहितो, कारण तुला ते लागणार आहे. मातीची कच्ची कुंडी, तिच्याबाहेर दुसरी मोठी कुंडी, मधल्या फटीत ओली रेती. याची मुळं बारीक, तंतूंसारखी, वरच्या थरातच पसरणारी. कुंडी तापली की ती शिजतात. आत निम्मा कुजलेला पालापाचोळा, निम्मा धुतलेला कोकोपीट, थोडे कोळशाचे तुकडे. बुंध्याचा गळा मातीच्या किंचित वर ठेवायचा, कधी पुरायचा नाही. पाणी पावसाचं. जुलै ते सप्टेंबर मी दोनशे लिटरचे दोन ड्रम भरून ठेवतो आणि उन्हाळ्यात एसीचं ठिबकणारं पाणी बादलीत धरतो. जागा उत्तरेच्या भिंतीशी, वर पंचाहत्तर टक्क्यांची हिरवी जाळी. एप्रिल ते जून भिंतीला खसचा पडदा आणि दुपारी दोनदा फवारा. आई म्हणते, "हे झाड हाय का जावई?" पण मी ऑफिसात असतो तेव्हा दुपारचा फवारा तीच मारते.

तुला हे जास्त वाटत असेल तर जर्मनीतलं ऐक. ड्रेस्डेनजवळ पिल्निट्झच्या राजवाड्यात एक कॅमेलिया आहे. 1801 मध्ये तो तिथे जमिनीत लावला, अजून आहे. उंची साडेआठ मीटरच्या वर. तिथली थंडी त्याला सोसत नाही, म्हणून पूर्वी दर हिवाळ्यात त्याच्याभोवती लाकडी घर उभारायचे. 1905 च्या जानेवारीत त्या घराला आग लागली. बाहेर उणे वीसच्या आसपास. बंबांनी पाणी मारलं, ते झाडावरच गोठलं, आणि बर्फाच्या त्या कवचात झाड वाचलं. वसंतात पुन्हा फुटलं. 1992 पासून त्याला रुळांवर चालणारं काचेचं घर आहे, 54 टनांचं. हिवाळ्यात ते सरकवून झाडावर आणतात, उन्हाळ्यात बाजूला नेतात. एका झाडासाठी! हे मी पहिल्यांदा वाचलं तो मे महिना होता, बाहेर 46 होतं, आणि मी त्याच दुपारी जाऊन दुसरी जाळी घेऊन आलो.

नावाचंही सांगायचं राहिलं. हे झाड ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो गेऑर्ग योझेफ कामेल, ब्रनोचा जेझुइट धर्मप्रचारक, मनिलात औषधालय चालवायचा. 1706 मध्ये तो गेला. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने नंतर त्याचं नाव या वंशाला दिलं. आणि आपला चहा हा सख्खा भाऊ, कॅमेलिया सायनेन्सिस. लिनियसने चहाला वेगळ्या वंशात बसवलं होतं, 1887 मध्ये कुंट्झे या वनस्पतिशास्त्रज्ञाने तो कॅमेलियात आणला. हे आईला सांगितल्यापासून ती कुंडीजवळ बसूनच चहा पिते.

आपल्या झाडाच्या जातीचं नाव मात्र मी लावलेलं नाही. फोटो पाठवले तेव्हा जॉर्जियाच्या गृहस्थांनी एक नाव सांगितलं, गॅलिसियाच्या जोडप्याने दुसरं, आणि मग दोघांनीही बजावलं की फोटोवरून नाव लावू नका. माती-हवा बदलली की तेच फूल वेगळं दिसतं. एकाच झाडाला देशोदेशी इतकी नावं पडली होती की ऑस्ट्रेलियाच्या टॉम सॅव्हिज यांनी ती सगळी गोळा करून 1993 मध्ये आंतरराष्ट्रीय नोंदवही काढली. एक जात मात्र फार जुनी आणि ठाम ओळखीची: अल्बा प्लेना, पांढरी, आपल्यासारखीच कौलांच्या रचनेची. 1792 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजातून ती चीनहून इंग्लंडला गेली. जहाजाचं नाव 'कर्नाटिक'. इतकी वर्षं लोक ती कलमाने पुढे नेतायत. म्हणजे आज कुणाच्या अंगणातली अल्बा प्लेना हे त्याच झाडाचं लाकूड आहे.

जॉर्जियाच्या गृहस्थांशी एक वाद झाला, तोही लिहितो. तिकडे प्रदर्शनासाठी फुलं मोठी करायला कळीशेजारचा पानाचा डोळा खुडून तिथे जिबरेलिक ॲसिडचा (जीए, वाढीचं संप्रेरक) एक थेंब ठेवतात. नाशिकचे द्राक्षवाले घड जीएत बुडवतात तेच हे. फूल लवकर येतं आणि तळहाताएवढं होतं. मी नको म्हटलं. चार वर्षांनी आलेलं पहिलं फूल झाडाने स्वतःच्या मापाने द्यावं असं मला वाटलं. त्यांना ते पटलं नाही, पण राग नाही.

त्यांनीच एकदा डोळाकाड्या, म्हणजे कलमासाठीच्या काड्या, टपालाने पाठवू का विचारलं होतं. हात शिवशिवले, सुध्या. डोळा भरायला मला कुणी शिकवायला नको, शेंदुरजनाघाटच्या नर्सरीत मी सुट्ट्यांत जंबेरी लिंबाच्या खुंटावर दिवसाला शेकड्यांनी भरलेत. पण न्यूझीलंडच्या बाईंनी ऐकलं आणि कडक लिहिलं: क्वारंटाइन चुकवून काडीसुद्धा हलवायची नाही. कॅमेलियाच्या पाकळ्या करपवणारी एक बुरशी आहे. 1919 मध्ये जपानात तिची पहिली नोंद झाली, 1938 मध्ये ती कॅलिफोर्नियात पोचली, 1993 मध्ये न्यूझीलंडमध्ये. उमललेलं फूल दोन दिवसांत तपकिरी चिखल होतं, आणि बुरशीच्या काळ्या गाठी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतात. त्यांच्या बागेत ती आली तेव्हा बाई महिनाभर रोज गळलेली फुलं वेचत होत्या. मी काड्या नको म्हणून कळवलं. बाईंचं बरोबर होतं.

त्यांनी वाट मात्र दुसरी दाखवली. चीनच्या ग्वांगडोंगमध्ये कॅमेलिया अझालिया नावाची रानटी जात आहे, जंगलात अगदी मोजकी उरलेली. ती भर उन्हाळ्यात फुलते. चिनी लोकांनी तिचे संकर करून उष्ण हवेत फुलणाऱ्या जाती काढल्या आहेत. त्या आपल्याकडे रीतसर येतील तेव्हा नागपुरात हे झाड खसच्या पडद्याशिवाय वाढेल. तोवर आपण दोघं साठीपार गेलेले असू, तरी मी लावीन.

आज दिवसभर वर "ओ काट" चाललंय. पोरांचा मांजा कुंडीवर पडू नये म्हणून मी सकाळपासून गच्चीवर खुर्ची टाकून बसलोय, हे पत्रही तिथेच लिहितोय. फूल आजही ताठ आहे. हे फूल पाकळी पाकळी करून नाही गळत म्हणे, अख्खं पडतं. अजून दोन कळ्या आहेत, एक फेब्रुवारीच्या सुरुवातीला उमलेल असा अंदाज आहे. पुतणीच्या लग्नाला तू तेव्हाच येतोयस.

आणि एक. मेलेलं रोप जमिनीत लावण्याआधी ज्या कुंडीत होतं ती मी टाकली नव्हती. जुलैत मोठ्या झाडाला गुटी बांधली होती, तिला पांढरी मुळं धरली, आणि दिवाळीनंतर ती कापून त्याच कुंडीत लावली. वीतभर आहे, सात पानं, आठवं फुटतंय. ते तुझं. पुण्याचा मे इथल्यापेक्षा सौम्य, तुझ्याकडे ते माझ्यापेक्षा बरं वाढेल. येताना भोकांचं खोकं आण, आणि परतीचं तिकीट रात्रीच्या गाडीचं काढ. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
मन्या