लेझर शस्त्रक्रियेचे थेट प्रक्षेपण आणि रुग्णाची सुरक्षितता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वैद्यकीय परिषदांमध्ये प्रोस्टेटवरील (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीवरील) लेझर शस्त्रक्रिया शस्त्रक्रियागृहातून थेट सभागृहातील पडद्यावर दाखवण्याची प्रथा आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. भूलतज्ज्ञ म्हणून अशा कार्यशाळांत मी रुग्णाच्या उशाशी बसलो आहे. तेथून जे दिसते ते पडद्यावर येत नाही, म्हणून हे पत्र.

या शस्त्रक्रियेबद्दल माझी तक्रार नाही. १९९०च्या दशकात न्यूझीलंडमध्ये पीटर गिलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या 'होलेप' पद्धतीत होल्मियम लेझरने ग्रंथीचा वाढलेला भाग आवरणापासून सोडवून मूत्राशयात ढकलतात आणि मॉर्सेलेटर या यंत्राने त्याचे बारीक तुकडे करून ते शोषून बाहेर काढतात. रक्तस्राव कमी होतो आणि खूप मोठ्या ग्रंथीही पोट न उघडता काढता येतात. मात्र हात बसायला पंचवीस-पन्नास शस्त्रक्रिया कराव्या लागतात, त्यामुळे जाणत्या सर्जनचे काम पाहण्याची तरुण युरॉलॉजिस्टांची (मूत्ररोगतज्ज्ञांची) ओढ रास्तच आहे. प्रश्न आहे तो ते काम ज्याच्या शरीरावर चालते त्या माणसाचा.

हा माणूस बहुधा साठी-सत्तरीचा असतो आणि पुष्कळदा पूर्ण जागा असतो, कारण अशा शस्त्रक्रियांत अनेकदा मणक्यात इंजेक्शन देऊन केवळ कमरेखालचा भाग बधिर केला जातो. सभागृहातून येणारे प्रश्न, सर्जनने दिलेली उत्तरे आणि 'इथे जरा रक्त येते आहे' हे सहज उच्चारलेले वाक्य त्याच्या कानावर पडत असते. मणक्यातल्या भुलीचा अंमल साधारण दोन-तीन तास टिकतो. आधीचे व्याख्यान लांबले किंवा प्रक्षेपणात बिघाड झाला, तर भूल दिलेला रुग्ण नुसता वाट पाहत राहतो, आणि अंमल उतरू लागल्यास त्याला पूर्ण भूल द्यावी लागते. वयस्क हृदयाला आणि फुप्फुसांना हा भार केवळ वेळापत्रकामुळे पडतो. शिवाय शस्त्रक्रियेत कित्येक लिटर सलाईन मूत्राशयात सोडावे लागते. ते पुरेसे कोमट नसेल आणि वेळ वाढत गेला, तर रुग्णाचे अंग थंड पडून तो कुडकुडू लागतो.

सर्वांत नाजूक टप्पा मॉर्सेलेटरचा. मूत्राशय पाण्याने नीट फुगलेले आणि आतले दृश्य स्वच्छ नसेल, तर यंत्राचे पाते मूत्राशयाच्या भिंतीला इजा करू शकते. अशा वेळी अनुभवी सर्जन थांबतो आणि रक्तस्राव आटोक्यात आणतो. तरीही दिसत नसेल, तर तुकडे काढण्याचे काम दुसऱ्या दिवसावर टाकतो. हा निर्णय शहाणपणाचा असतो, पण शेकडो सहव्यावसायिक पाहत असताना आणि सूत्रसंचालक घड्याळाकडे बोट दाखवत असताना तो घेणे फार कठीण जाते. पाहुणा सर्जन बाहेरगावचा असेल, तर यंत्र, परिचारिका आणि कधीकधी रुग्णाची भाषाही त्याला अपरिचित असते. रात्री लघवीसाठी घातलेल्या नळीत रक्ताच्या गुठळ्या अडकून रुग्ण तळमळू लागतो तेव्हा पाहुणे परतीच्या प्रवासात असतात आणि तिथे धावून जातो तो निवासी डॉक्टर. काही रुग्णांचे लघवीवरील नियंत्रण परत यायला कित्येक आठवडे लागतात. त्या काळात त्यांची विचारपूस कोणी करायची हेही अनेकदा ठरलेले नसते.

ही भीती निराधार नाही. २०१५ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये यकृतावरील दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे थेट प्रक्षेपण झाले. ती परदेशी पाहुण्या सर्जनने केली होती आणि त्यानंतर रुग्ण दगावला. युरोपातील युरॉलॉजिस्टांच्या संघटनेने २०१४ मध्ये थेट शस्त्रक्रियांसाठी धोरण जाहीर केले आणि प्रत्येक रुग्णामागे त्याच्या हिताचा स्वतंत्र पालक असलाच पाहिजे असा आग्रह धरला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयात याविषयी जनहित याचिका दाखल झाल्यावर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मार्गदर्शक सूचना काढल्या, परंतु त्यांचे पालन होते की नाही हे प्रत्यक्ष सभागृहात जाऊन कोण पाहणार, हा प्रश्न उरतोच.

संमतिपत्राचेही तेच. रुग्णाच्या संमतीविषयीच्या समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पुरेशी माहिती देऊन, स्वेच्छेने घेतलेली संमतीच खरी. 'मोठे डॉक्टर येणार आहेत, खर्च लागणार नाही' एवढे ऐकून खेड्यातून आलेल्या वृद्धाने आदल्या संध्याकाळी केलेली सही या कसोटीला उतरते, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. नकार दिला तरी हीच शस्त्रक्रिया याच रुग्णालयात, कॅमेऱ्याशिवाय, त्याच सवलतीत होईल, हे त्याला लेखी मिळाले पाहिजे.

माझ्या मते शिकवण्यासाठी आधी चित्रित केलेली, काटछाट न केलेली शस्त्रक्रिया पुरेशी आहे. सर्जन शेजारी उभा राहून ती थांबवत थांबवत समजावू शकतो आणि स्वतःच्या चुकाही मोकळेपणाने दाखवू शकतो. तरीही थेट प्रक्षेपण करायचेच असेल, तर आयोजन समितीबाहेरच्या एका वरिष्ठ डॉक्टरला केवळ रुग्णासाठी शस्त्रक्रियागृहात नेमावे आणि कोणालाही न विचारता प्रक्षेपण बंद करण्याचा अधिकार त्याला द्यावा.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांना लागणारे क्रेडिट गुण अशा परिषदांना महाराष्ट्र वैद्यकीय परिषद देते. वरील अटी पूर्ण केल्याशिवाय तिने ते देऊ नयेत. तसेच शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी प्रत्येक रुग्णाची प्रकृती कशी आहे, लघवीवर नियंत्रण आले का, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली का, याचा लेखी अहवाल आयोजकांकडून मागवावा आणि तो न देणाऱ्या संस्थेच्या पुढील परिषदेला मान्यता नाकारावी.

आपला विश्वासू,
एक ज्येष्ठ भूलतज्ज्ञ, पुणे