शिवणाचे मशीन देऊन टाकण्यापूर्वी

येवला,
१४ डिसेंबर

चि. लेकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे चार पानी पत्र पोहोचले. रोज फोनवर बोलणे होत असतानाही हा विषय तू लिहून कळवलास, त्यावरून तो तुझ्या मनात बरेच दिवस घोळत असणार हे मी ओळखले, आणि म्हणून उत्तरही लिहूनच देतो आहे. आईनेही पत्र वाचले. पोरीला अभ्यास करू द्या, उगाच फाटे फोडू नका, असे तिचे थोडक्यात म्हणणे आहे. माझे म्हणणे इतक्या थोडक्यात मावणारे नाही.

राज्यसेवेच्या परीक्षेसाठी दोन वर्षे द्यायची असे तू ठरवलेस, त्याला माझी पूर्ण संमती आहे. अभ्यासिकेतले तास, वर्तमानपत्राचे वाचन, उत्तरलेखनाचा सराव, सकाळचे चालणे, हे सगळे तक्त्यात मांडलेले पाहून समाधान वाटले. अडलो तो तक्त्याच्या तळाशी लाल शाईने लिहिलेल्या ओळीपाशी. ‘शिवणकाम आणि पतंग निकाल लागेपर्यंत बंद’ असे लिहून तू थांबली नाहीस, तर सदाशिव पेठेतल्या खोलीवर नेलेले आजीचे हातमशीन मावशीकडे पोहोचवून देते, असेही कळवलेस. ध्येय ठरवणे आणि त्यापायी घर रिकामे करणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढेच मला सांगायचे आहे. त्याची कारणे मात्र सविस्तर लिहितो.

परीक्षेचा अभ्यास हे असे काम आहे की त्यात महिनोन्‌महिने काहीही पुरे होत नाही. एक विषय संपला म्हणावा तर उजळणी उरते, उजळणी झाली तर चालू घडामोडी पुढे सरकलेल्या असतात, आणि शेवटी जो निकाल लागतो तो तुझ्या कष्टांवर जितका अवलंबून असतो तितकाच जागा किती निघाल्या आणि इतरांनी पेपर कसे लिहिले यावरही असतो. मी शाळेत नोकरी करत असताना अशी पुष्कळ हुशार मुले पाहिली, जी अभ्यासाने नव्हे तर काहीच हातावेगळे होत नाही या भावनेने खचली. याउलट उशीचा अभ्रा संध्याकाळी कापायला घेतला तर झोपण्यापूर्वी तो उशीवर चढलेला असतो. तो चांगला झाला की वाईट, हे सांगायला कोणा परीक्षकाची गरज पडत नाही. आठवड्यातून एकदा तरी एखादी वस्तू आपल्या हातून पुरी होणे, हे मी करमणुकीत धरत नाही. दीर्घ पल्ल्याच्या माणसाला ते जेवणाइतके आवश्यक आहे असे माझे मत आहे. मुलाखतीत छंद विचारतात म्हणून छंद ठेव, असे काही शिकवणी वर्ग सांगतात म्हणे. तसला छंद मात्र बंद केलास तरी चालेल.

तुझे दुसरे वाक्य असे आहे की शिवण आणि पतंग ही ‘डोक्याची कामे नाहीत’. हे वाक्य तू घाईत लिहिले असावेस. पतंग कसा होतो ते तू लहानपणापासून पाहिले आहेस. बांबूची कामटी तासताना सालीकडची बाजू राखावी लागते, कारण बळ तिथेच असते. कमानीची दोन्ही टोके मध्यापेक्षा बारीक करत न्यावी लागतात आणि बोटावर तोलून पाहावी लागतात, नाहीतर वाऱ्यात एक बाजू जास्त वाकते आणि पतंग त्या अंगाला झोपतो. कागदाच्या काठात आत दोरा ठेवून खळीने तो काठ दुमडतात, तो शोभेसाठी नव्हे. पतंगाचा काठ तिरपा असतो, ताण त्याच्यावर येतो, आणि फाटायला सुरुवातही तिथूनच होते. मंगळसूत्र, म्हणजे मुख्य दोरा जिथे जोडतो ती पतंगाची दोन दोऱ्यांची गाठ, बांधताना वरचा दोरा किंचित आखूड आणि खालचा थोडा लांब ठेवला की पतंगाचे डोके आपल्याकडे झुकते आणि तो जोराच्या वाऱ्यातही तग धरतो. तोच फरक कमी केला की मंद वाऱ्यातसुद्धा उचलतो. एवढा विचार करून केलेले काम डोक्याचे नसेल, तर मग डोक्याचे काम कोणते, हे तुझ्या अभ्यासिकेतल्या मित्रमैत्रिणींना एकदा विचारून पाहा.

शिवणाचे आणि पतंगाचे नाते आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण आपला पतंग कागदाचा असतो. पण माणूस हवेत उडाला त्या प्रयत्नांमागे शिवणयंत्राचा मोठा वाटा आहे. विल्बर राइट १९०० साली अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यातील किटी हॉक या किनाऱ्यावरच्या वस्तीत पोहोचला, तेव्हा पंखांसाठी त्याला हव्या होत्या त्या अठरा फुटी लाकडी पट्ट्या वाटेत मिळाल्याच नाहीत, सोळा फुटी मिळाल्या. पंख आखूड झाले, म्हणून घरून शिवून आणलेले सॅटीन या सुती कापडाचे आवरणही उसवून लहान करणे भाग पडले. ज्या टेट कुटुंबाकडे तो उतरला होता, त्या घरच्या बाईंचे शिवणयंत्र मागून त्याने ते काम त्यांच्या अंगणात पुरे केले. ते बिनइंजिनाचे विमान त्या वर्षी विल्बर आणि त्याचा भाऊ ऑर्व्हिल यांनी मुख्यतः दोऱ्या धरून पतंगासारखेच उडवले. मुक्काम संपल्यावर ते तिथेच टाकून भाऊ परतले, आणि टेटबाईंनी पंखांचे कापड काढून आपल्या दोन मुलींना झगे शिवले. या हकिकतीतला हा शेवटचा भाग मला सर्वांत आवडतो; त्या बाईंनी कापड वाया जाऊ दिले नाही.

पुढे १७ डिसेंबर १९०३ रोजी जे विमान उडाले, त्याच्या पंखांवर ‘प्राइड ऑफ द वेस्ट’ या नावाने बाजारात मिळणारे साधे सुती कापड होते आणि ते उरेब लावलेले होते. तू ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टी लावायला शिकलीस तेव्हा मी सांगितले होते की कापडाचे धागे तिरपे धरले की ते ताणले जाते आणि गोलाईवर बसते. राइट बंधूंनी त्याच गुणाचा उलट बाजूने उपयोग केला. पंखाच्या चौकटीवर धागे तिरपे आल्यामुळे ते कर्णाच्या दिशेने ताण घेत आणि कापडच चौकटीला आधार देई. सायकलींचे दुकान चालवणाऱ्या त्या माणसांना शिवण येत होते, म्हणूनच हे त्यांना सुचले असे मी मानतो.

तुझ्या तक्त्याला अधिक लागू पडणारे उदाहरण रोगॅलो दांपत्याचे आहे. फ्रान्सिस रोगॅलो हे अमेरिकेत व्हर्जिनियातील लँगली येथील सरकारी विमानविद्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. काठ्यांची चौकट नसलेला, केवळ दोऱ्यांच्या आणि वाऱ्याच्या ताणाने आकार धरणारा पंख करता येईल अशी त्यांची कल्पना होती. कार्यालयाला त्यात रस नव्हता, म्हणून हे काम त्यांनी घरी, नोकरीबाहेरच्या वेळात केले. १९४८ मध्ये त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांनी स्वयंपाकघरातील फुलाफुलांचा पडदा कापून तो पहिला पंख शिवला. १९५१ मध्ये मिळालेल्या पेटंटवर दोघांचीही नावे आहेत. अंतराळातून परतणारे यान अशा पंखाच्या आधारे उतरवता येईल का, याच्या चाचण्या अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने नंतर केल्या. अखेर निवड हवाई छत्रीची झाली, पण डोंगरावरून उड्या घेणाऱ्यांचे हँग ग्लायडर त्याच पंखातून आले. नोकरी न सोडता आणि घरातला पडदा वापरून हे झाले. म्हणून, ‘एका वेळी एकच’ हा तुझा नियम मला पटत नाही. रोगॅलोंनी नोकरीत कसूर केली असे कोणी म्हटलेले नाही.

आता तू मागच्या महिन्यात जो प्रश्न विचारला होतास आणि लगेच ‘राहू द्या, आता वेळ नाही’ म्हणालीस, त्याचे उत्तर देतो. कापडी पतंग आपल्याला घरी करता येईल, आणि त्यासाठी महागडे कापड मागवायची गरज नाही. परदेशी पतंगांना वापरतात त्या नायलॉनमध्ये ठरावीक अंतरावर जाड धागे विणलेले असतात, त्यामुळे फाटले तरी भोक पसरत नाही. आपण मोडक्या छत्रीचे कापड घेऊ. ते हलके असते, वारा आरपार जाऊ देत नाही आणि कडा फारशी निसटत नाही. कापड मधोमध दुमडूनच कापायचे, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. उभा धागा पतंगाच्या उभ्या काडीला समांतर राहिला पाहिजे. मग चारही कडा आपोआप उरेब येतात आणि ताणल्या जाऊ लागतात, म्हणून दुमडीत पक्का दोरा घालून शिवायचे; कागदाच्या पतंगाला करतो तेच. टाचण्या लावू नकोस, कारण या कापडाला पडलेले भोक बुजत नाही. सुई अकरा नंबरची घ्यावी आणि टाका नेहमीपेक्षा लांब ठेवावा, कारण जवळजवळ टोचलेल्या ओळीवर कापड पावतीपुस्तकाच्या पानासारखे फाटते. काड्यांची टोके अडकवण्यासाठी कोपऱ्यांवर जाड कापडाचे लहान खिसे शिवावे लागतील. तिथे तुझी उलटी टीप उपयोगी पडेल, ती तुझी चांगली येते. काज मात्र तुला अजूनही धड येत नाही, परंतु पतंगाला काज लागत नाही.

आमचे इथले म्हणशील तर सगळे नेहमीप्रमाणे आहे. सकाळी शेजारच्या मागाची खटखट सुरू झाली की मी उठतो, फिरून येतो, आणि ऊन खिडकीपर्यंत आले की पायमशीनवर बसतो. जुन्या चादरींच्या बाजाराच्या पिशव्या शिवून झाल्या, आता आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी धावदोऱ्याने हातावर घातली आहे. मलाही तुझ्यासारखे वर्षाचे ध्येय विचारले गेले, म्हणजे आईनेच विचारले, तेव्हा मी गोधडी आणि एक कापडी पतंग एवढेच सांगितले. तिने तिसरे स्वतःच लिहून टाकले : साखरेची तपासणी वेळच्या वेळी करणे. निवृत्त माणसाच्या ध्येयांची यादी अशी दुसऱ्याच्या हातात असते.

गावात आसाऱ्या, म्हणजे दोरा गुंडाळायच्या फिरक्या, रंगू लागल्या आहेत आणि संध्याकाळी हलकडी हे वाद्य वाजवणाऱ्यांचा सराव ऐकू येतो. भोगी, संक्रांत आणि कर हे तिन्ही दिवस येवला गच्चीवर असते, हे तुला सांगायला नको. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातोच. पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीवाल्यांचे गळे कापले गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, आणि तरीही तो घेणारे सुशिक्षित लोक पाहिले की मला राग येतो. आपल्या घरी साधा सुती दोराच राहील. काटाकाटीत आपण हरू, पण छत्रीच्या कापडाचा पतंग काटाकाटीसाठी करायचाही नाही.

तेव्हा मला असे सुचवायचे आहे. लाल शाईची ओळ खोडू नकोस, फक्त तिच्यातला ‘बंद’ हा शब्द काढून तिथे ‘रविवार, संध्याकाळी पाच ते आठ’ असे लिही. आठ वाजता मशीनवर झाकण पडले पाहिजे, ही शिस्त तुझ्याकडून मला हवी आहे, कारण शिवणात बसले की तू जेवण विसरतेस हे मला ठाऊक आहे. पूर्वपरीक्षेच्या आधीचे दोन महिने हवे तर ते तीन तासही अभ्यासाला दे. तेवढा व्यवहार मलाही समजतो. मशीन मात्र खोलीतून हलवू नकोस. जी वस्तू डोळ्यांसमोर असते ती पुन्हा हातात घेतली जाते, जी मावशीच्या माळ्यावर जाते ती तिथेच राहते. याउपर निर्णय तुझा आहे आणि तू काहीही ठरवलेस तरी मी पुन्हा हा विषय काढणार नाही.

भोगीच्या आदल्या दिवशी एस.टी.चे आरक्षण मिळते का ते आजच पाहा, नंतर गर्दी होते. येताना बोहरी आळीतून अकरा नंबरच्या सुयांचे एक पाकीट आणि पक्क्या दोऱ्याची दोन रिळे आण. तुझ्या खोलीत ती काडी मोडलेली निळी छत्री अजून असेल तर तीही फेकू नकोस. करीच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तुला परत बसवून देतो, म्हणजे अभ्यासाचे चार दिवसांपेक्षा जास्त नुकसान होणार नाही. नोट्स बरोबर आणल्यास गच्चीवर नेऊ नकोस, वाऱ्याने उडतील.

डबा वेळेवर खात जा. आईचा आशीर्वाद.

तुझा,
बाबा

ता. क. आईने पत्र पुन्हा वाचले आणि मी फाटे फोडलेच असे म्हणाली. गूळपोळ्या पुण्याला न्यायला किती करायच्या ते तिला परस्पर कळव.