'ताई' म्हणजे बहीण नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल आपल्या रविवार पुरवणीतला ब्रिटनमधल्या 'आश्रयाच्या धंद्या'वरचा लेख वाचला. रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून सकाळी उठून हे पत्र लिहिते आहे. आश्रयार्थींचे आणि मानवी तस्करीतून सुटलेल्यांचे खटले चालवणाऱ्या सॉलिसिटरांना लेखकाने सरळ 'दलाल' म्हटलं आहे. त्या सॉलिसिटरांच्या टेबलाशी मी गेली अकरा वर्षं मराठी-हिंदी दुभाषी म्हणून बसते. त्यामुळे गप्प राहणं मला जमणार नाही.

'हे वकील अशिलाला गोष्ट पढवतात', हे वाक्य सगळ्यात झोंबलं. पढवतात कसे, ते मी पाहिलेलं सांगते.

बाई मराठी होती, याहून जास्त तिच्याबद्दल लिहिणार नाही. एका भारतीय कुटुंबाने घरकामाला म्हणून लंडनला आणलेली. पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात, झोपायचं वॉशिंग मशीनच्या शेजारी, पगार 'तुझ्या गावी पाठवतो' असं सांगितलेलं. एक दिवस ती तिथून पळाली. सरकारी मुलाखतीत तिला हिंदीचा दुभाषी मिळाला, तोही फोनवर. ती म्हणाली, 'ताईंनी पासपोर्ट काढून घेतला.' टिपणात उतरलं, 'माझ्या बहिणीने पासपोर्ट घेतला.' मग पुढे पानभर बहीणच बहीण. आधीच्या अर्जात तर तिने इंग्लंडात नात्याचं कुणी नाही असं लिहिलेलं. झालं! निर्णय आला की सांगण्यात विसंगती आहे, विश्वास ठेवता येत नाही, हा घरगुती वाद दिसतो.

सॉलिसिटरने ते निर्णयपत्र पुढ्यात ठेवून तिला तिसऱ्यांदा विचारलं, 'तुला बहीण आहे का?' ती रडकुंडीला येऊन माझ्याकडे वळली, 'ताई, तुम्हीच सांगा ना यांना, मला बहीण नाही हो.' दुभाष्याने मध्ये बोलायचं नसतं. पण शब्दाचा अर्थ सांगायची परवानगी मागता येते, ती मी मागितली. म्हटलं, ही अर्ध्या तासापासून मला ताई म्हणतेय आणि मी हिची कुणीही लागत नाही. सॉलिसिटरचं पेन थांबलं. त्या जबाबात 'ताई' या एका शब्दावर तिने अख्खा परिच्छेद लिहिला.

मग तारखा. बाईला इंग्रजी तारीख एकही सांगता येईना. पण मारहाण झाली त्या दिवशी संकष्टीचा उपास होता, चंद्र उगवायची वाट बघत होते, हे तिला पक्कं आठवत होतं. पळाली ती पितृपंधरवड्यात, सासूच्या तिथीला पान वाढता आलं नाही म्हणून ती आमच्यासमोर रडली. मी फोनवर कालनिर्णय उघडलं. सॉलिसिटरने एकेक तिथी इंग्रजी तारखेला लावून घेतली, दवाखान्याच्या कागदांशी ताडून पाहिली, शंका आली तिथे पुन्हा पुन्हा विचारलं. दोनदा तर बाई चिडली. एक तारीख काही केल्या जुळेना, ती 'नक्की आठवत नाही' अशीच लिहिली गेली. याला पढवणं म्हणतात का? कोर्टात जाऊ अशी नोटीस गेल्यावर, सात महिन्यांनी तो निर्णय बदलला.

सॉलिसिटर कुणाला तस्करीपीडित ठरवत नाही. सरकारी यंत्रणेकडे तसं नाव पाठवायचासुद्धा तिला अधिकार नाही. पोलीस, स्थानिक परिषद, ठरावीक संस्था यांनीच ते पाठवायचं, प्रौढ असेल तर तिच्या संमतीने, आणि निर्णय सरकारचाच. सॉलिसिटरचा प्रश्न एवढाच असतो की निर्णय घेताना सरकारने स्वतःचा कायदा पाळला का. आपल्याकडे कलम २२६ खाली उच्च न्यायालयात रिट करतात, तसंच हे. २०१८ मध्ये तस्करीतून सुटलेल्या आणि आश्रयही मागणाऱ्यांचा आठवड्याचा भत्ता सरकारने ६५ पौंडांवरून ३७.७५ पौंडांवर आणला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लंडनच्या उच्च न्यायालयाने ती कपात बेकायदा ठरवली आणि राहिलेले पैसे द्यायला लावले. तो खटला असल्याच 'दलालां'नी चालवला होता.

त्यांनी पैसा ओरपल्याचंही लेखात आहे. अशा खटल्यांसाठी सरकारी कायदेशीर मदतीतून वकिलांना मिळणारे दर १९९६ नंतर जवळजवळ तीन दशकं वाढले नाहीत, उलट २०११ मध्ये दहा टक्के कापले गेले. माझ्या ओळखीच्या दोघी याच पायी हे काम सोडून गेल्या.

आणि हा प्रश्न परक्यांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असा लेखाचा एकूण सूर आहे. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या रोजगार न्यायाधिकरणाने बिहारमधून आणलेल्या एका घरकामगार बाईला १ लाख ८० हजार पौंडांहून अधिक थकीत पगार द्यायला लावला. दिवसाला अठरा तास, आठवड्याचे सातही दिवस काम, आणि हातात पडत होते तासाला ११ पेन्स. मालक भारतीय वंशाचेच होते.

ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या स्थलांतरितविरोधी दंगलींत अशा वकिलांच्या कचेऱ्यांची यादी फिरली होती, इथे चाल करून जा म्हणून. त्या बुधवारी, ७ तारखेला, माझी एका कचेरीत वेळ ठरली होती. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, दार बंद. सॉलिसिटरने घरून फोन लावला आणि आम्ही तिघींनी जबाब पुरा केला. आपल्या लेखात या दंगलींचा उल्लेख आहे, या यादीचा नाही. 'दलाल' हा शब्द लिहिण्याआधी तो कुणाच्या दारापर्यंत पोहोचतो याचा विचार व्हायला हवा होता. तो शब्द मागे घ्यावा, ही विनंती.

जाता जाता आणखी एक. त्याच अंकात आतल्या पानावर पोलिसांनी सोडवलेल्या मुलींची बातमी आहे. नावं बदलल्याचं लिहिलंय, पण एकीचा तालुका, वय, नवऱ्याचा धंदा आणि किती मुलं हे सगळं छापलंय. त्या तालुक्यात तिला कोण ओळखणार नाही? ती परत घरी कशी जाणार? हे मी आपल्या अंकात पहिल्यांदा पाहत नाहीये. यापूर्वी दोनदा कळवलं, उत्तर आलं नाही.

माझंही नाव छापू नये. माझ्यावरून अशिलांची ओळख लागू शकते.

आपली,
एक वाचक, लंडन