ड्रायव्हरने ब्रेक का नाही मारला

प्रिय चिनू,

आज मेट्रोत तू माझ्या मांडीवर झोपून गेलास आणि तुझा प्रश्न तसाच राहिला. तीनदा विचारलास तू आणि तिन्ही वेळा मी "चल, टॉय ट्रेनची रांग वाढतेय" म्हणून तुला ओढत नेलं, ते मला रात्रभर टोचत राहील म्हणून आत्ताच लिहायला बसलेय. उद्या वाचून दाखवते.

तो हत्ती आठवतोय ना? दिल्लीच्या रेल म्युझियममधे काचेपाशी तू नाक लावून उभा होतास, ती हत्तीची कवटी. 1894 साली त्या हत्तीने एका मेल गाडीला धडक दिली होती. तू विचारलंस, लागलं का त्याला, मी म्हटलं हो. मग तू म्हणालास की मग ड्रायव्हरने ब्रेक का नाही मारला.

हत्ती मेला, चिनू. हे मी तिथे सरळ बोलले नाही, कारण तुझा चेहरा बघवत नव्हता. त्या ड्रायव्हरचं नाव-गाव मला माहीत नाही, पण ब्रेकचं काय होतं ते मला माहीत आहे, कारण आपल्या घरात एक ड्रायव्हर होते.

बाहेर उन्हात तुला मी ते लांब नाकाचं इंजिन दाखवलं ना, दोन्हीकडे नाक आणि मधे घर, चाकांना जोडणारे जाड दांडे, ज्याला तू "ह्याला गुडघे आहेत" म्हणालास? त्याला खेकडा म्हणतात. खरंच, कर्जत-कल्याणकडे सगळे रेल्वेवाले खेकडाच म्हणायचे, कारण ते धावताना डोलायचं आणि नुसतं उभं असलं तरी कण्हल्यासारखा आवाज करायचं. 1928 पासून अशी 41 इंजिनं आली, डिझाइन स्वित्झर्लंडचं, वरच्या तारेतून 1500 व्होल्टची डीसी वीज घ्यायची. अंग एकसंध नाही, तीन तुकडे जोडलेले, म्हणून घाटातल्या वळणावर ते वाकायचं. आपला बोरघाट म्हणजे 37 फूट पुढे गेलं की 1 फूट वर, एवढा चढ, तिथे मालगाडी ओढायला हीच इंजिनं.

माझे आजोबा, तुझे पणजोबा, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, ते खेकड्यावर ड्रायव्हर होते. मी तिथे रडले ती ह्यासाठी, ऊन डोळ्यात गेलं वगैरे काही नाही. मी लहानपणापासून ऐकलेलं इंजिन पहिल्यांदा इतक्या जवळून बघत होते आणि तू त्याच्या चाकाएवढाही नव्हतास.

आप्पांच्या गाडीखाली एकदा गाय आली. घाट उतरून कर्जत सोडलं होतं, नेरळच्या अलीकडे. त्यांनी ब्रेक मारला होता चिनू, पूर्ण मारला होता. पण गाडी म्हणजे आपली स्कूटर नाही ना, लोखंडाचं चाक लोखंडाच्या रुळावर, पकड कमी, आणि मागे मालाने भरलेले डबेच डबे ढकलत असतात. तेव्हा व्हॅक्यूम ब्रेक असायचा. ड्रायव्हरने हँडल फिरवलं की लांबच्या लांब पाइपमधे हवा शिरते आणि एकेका डब्याचा ब्रेक लागत जातो, शेवटच्या डब्यापर्यंत ते पोचायला वेळ लागतो. तोवर गाडी पुढे गेलेली असते. समोर दिसत असतं सगळं, हात ब्रेकवर असतो, शिटी वाजत असते आणि गाडी थांबत नाही. आणि वळवताही येत नाही, रूळ जिकडे तिकडेच जायचं.

आप्पा त्या रात्री जेवले नाहीत असं आजी सांगते. दुसऱ्या दिवशी परत ड्युटीला गेले.

म्हणून मला वाटतं त्या हत्तीच्या वेळच्या ड्रायव्हरनेही केलं असेल जे हातात होतं ते. मला खात्रीने सांगता येत नाही, पण मला तसंच वाटतं.

बाकी आज तुला काय आवडलं तर ती पतियाळाची मोनोरेल, 1907 ची, एकच रूळ, एका बाजूला मोठं चाक रस्त्यावर टेकवलेलं. "पडत का नाही" हे तुला बाबांनी समजावलं आणि मग तू येताना फुटपाथच्या कडेवर एक पाय वर एक पाय खाली ठेवून मोनोरेल झालास, गेटपासून रिक्षापर्यंत. त्याचा व्हिडिओ आहे माझ्याकडे.

मे महिन्यात कर्जतला जाऊ. आप्पांची ड्युटीची पत्र्याची पेटी अजून माळ्यावर आहे, त्यात त्यांचा हिरवा-लाल झेंडा आणि टॉर्च असायचा. आजीला फोन करून पेटी खाली काढून ठेवायला सांगते, किल्ली तिच्या देवघरात असते.

तुझी,
आई