सिगारेट बाल्कनीत, धूर घरात

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तू विषय बदलला असतास, म्हणून लिहितोय. परवा तुझ्याकडे राहिलो तेव्हा रात्री वहिनी मनूला नेब्युलायझर लावून बसल्या होत्या. पोर मास्कमध्येच पेंगत होती, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. तू बाल्कनीत. दार नुसतं लोटलेलं, पडदा वाऱ्याने आत फुगत होता. त्या पडद्याचा वास एकदा जवळून घेऊन बघ.

‘मी घरात ओढतच नाही’ हे तू मनापासून म्हणतोस, मला ठाऊक आहे. पण दोन झुरक्यांच्या मधे सिगारेट नुसती जळत असते ना, तो धूर फिल्टरमधून जात नाही. कमी आचेवर, अर्धवट जळून निघतो, म्हणून त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि अमोनिया जास्त. जवळच्यांच्या वाट्याला मुख्यतः तोच येतो. पंखा, एसीने वास जाईल, धूर पुरता जात नाही. लहान मुलांचा श्वास भरभर चालतो, श्वासनलिका अरुंद असतात. दम्याच्या पोराला तेवढाही धूर पुरतो.

आणि वहिनी? जपानमध्ये हिरायामा या संशोधकांनी सिगारेट न ओढणाऱ्या नव्वद हजारांवर बायकांची 14 वर्षं नोंद ठेवली आणि 1981 मध्ये निष्कर्ष छापले. नवरा जितका जास्त ओढणारा, तितका बायकोला फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका जास्त. तंबाखूवाल्यांनी खूप आरडाओरड केली, पण पुढच्या अभ्यासांतूनही तेच निघालं. हृदयविकाराचा धोकाही असा दुसऱ्याचा धूर घेणाऱ्या माणसांना 25 ते 30 टक्क्यांनी वाढतो.

काँग्रेस नेते मुरली देवरांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने 2001 मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर बंदी घातली, पुढे 2003 चा कायदा आला. म्हणजे तुझ्या ऑफिसातल्या शिपायाला कायद्याचा आधार आहे. मनूला तुझ्याशिवाय कोण आहे? मला हेच फार लागतं.

तर आजपासून बाल्कनी बंद कर. तल्लफ आली तर खाली गेटबाहेर जा. वर आलास की शर्ट बदल, हात-तोंड धू, मगच तिला उचलून घे. सोडायचं मात्र एकट्याने रेटू नकोस. 1800-11-2356 ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे, आणि डॉक्टरांकडे मी बरोबर येईन. शनिवारी सकाळची वेळ घेऊन ठेव, मी थेट तुझ्याकडेच येतो.

वहिनींना नमस्कार, मनूला गोड पापा.

तुझाच,
अवी